सेवेतून नम्रता कशी शिकायची: मंडळीत, घरात, हॉस्पिटलात

नम्रता मिळू दे म्हणून प्रार्थना करणारे आपल्यात खूप आहेत, चांगलंच आहे ते, पण गुडघ्यावरून उठल्यावर नेमकं काय करायचं हे फारसं कोणी सांगत नाही, मग माणूस आवाज हळू करतो, मान खाली घालतो, "मी काय हो, काहीच नाही" असं म्हणायला लागतो आणि यालाच नम्रता समजतो. माझा विश्वास असा आहे की ख्रिस्ती नम्रता हातातून मनात जाते. आणि कुठल्याही कामातून जात नाही. जिथे तुम्ही साहेब नसता, जिथे दुसरा सांगेल तसं करावं लागतं, आणि जिथे बघायला कोणी नसतं, अशाच कामातून जाते. असं काम कसं शोधायचं, कसं करायचं आणि कुठे जपायचं ते सविस्तर लिहितोय, ज्यांना खरंच सुरुवात करायचीय त्यांच्यासाठी.

आधी योहान १३ वाचा, घाई न करता

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातला हा तेरावा अध्याय आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलाय, पण तिसरं वचन बहुतेक जण पटकन ओलांडून पुढे जातात. तिथे आहे की पित्याने सगळं आपल्या हाती दिलंय, आपण देवाकडून आलो आणि देवाकडे चाललोय, हे येशूला माहीत होतं, आणि हे माहीत असताना तो जेवणावरून उठला, अंगावरची वस्त्रं काढून ठेवली, कमरेला रुमाल बांधला, घंगाळात पाणी ओतलं आणि शिष्यांचे पाय धुवायला लागला. स्वतःला कमी समजून त्याने हे केलेलं नाही. आपण कोण आहोत हे त्याला पक्कं माहीत होतं म्हणून वाकताना काही गमावल्यासारखं वाटलं नाही. ज्याच्या मनात सारखी धाकधूक असते की लोक मला काय समजतील, त्याला झाडू हातात घेणं फार जड जातं, हे आपण आजूबाजूला बघतोच. त्यामुळे मी देवाचा आहे, माझी किंमत माझ्या खुर्चीवर ठरत नाही, हे रोज सकाळी स्वतःला सांगणं हा सेवेच्या तयारीचाच भाग आहे.

अजून दोन गोष्टी बघा. लूक २२ मध्ये आहे की त्याच रात्रीच्या जेवणाला शिष्यांचा वाद लागला होता, आपल्यात मोठा कोण. पाय धुणं म्हणजे त्या काळी घरातल्या सगळ्यात खालच्या नोकराचं काम, रस्ते धुळीचे, पायात उघड्या वहाणा. पाणी होतं, रुमाल होता, घंगाळ होतं, धडधाकट माणसं होती आणि कोणीच उठलं नाही. आणि दुसरी गोष्ट, त्याच रात्री येशूला धरून देणारा यहूदा तेव्हा तिथेच बसलेला होता, तो बाहेर गेला तिसाव्या वचनात, म्हणजे त्याचेही पाय धुतले गेले. हे वाचताना मी दर वेळी थांबतो.

तर पहिला आठवडा एवढंच करा. रोज १ ते १७ वचनं वाचायची आणि एकच विचारायचं, माझ्या घरात किंवा मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, असं कुठलं काम पडून आहे ज्याला कोणीच हात लावत नाही. एक-दोन दिवसात दिसायला लागतं. चर्चच्या मागचं टॉयलेट, संडे स्कूलच्या वर्गातली धूळ खात पडलेली कपाटं, घरी आजोबांचं तस्त, जेवणानंतरचे मोठे टोप. लिहून ठेवा, कोणाला सांगू नका.

पहिलं काम: छोटं, ठरलेलं आणि दुसऱ्याच्या हाताखालचं

नवीन माणूस उत्साहात येतो तेव्हा त्याला काहीतरी मोठं सुरू करायचं असतं, अन्नदान, मेडिकल कॅम्प, एखादा ट्रस्ट. ते नंतर बघू. मोठं काम सुरू केलं की दुसऱ्याच दिवशी तुम्ही अध्यक्ष होता आणि मग नम्रता शिकायची जागाच उरत नाही. त्यापेक्षा जे काम आधीपासून कोणीतरी करतंय त्यात मदतनीस म्हणून शिरा, दर आठवड्याला ठरलेल्या वेळेला, निदान तीन महिने.

ख्रिस्ती परंपरेत याची फार जुनी आणि अगदी व्यवहारी शिस्त आहे. सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियम लिहिले, त्यातला पस्तिसावा भाग चक्क स्वयंपाकघराच्या पाळीवर आहे. आजारी असलेला किंवा मठाचं एखादं महत्त्वाचं काम सांभाळणारा सोडला तर पाळी कोणाला चुकत नाही. जे अशक्त आहेत त्यांना मदतीला माणूस द्यायचा, म्हणजे ते काम कुढत करणार नाहीत. शनिवारी पाळी संपवणाऱ्याने सगळी साफसफाई करायची, भावांनी हातपाय पुसलेले टॉवेल धुवायचे, आणि पाळी संपवणारा आणि पाळी सुरू करणारा दोघांनी मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे. भांडी कोठारप्रमुखाकडे स्वच्छ आणि धडकी परत करायची, मग तो ती पुढच्याला मोजून देणार. आणि एक गोष्ट मला फारच आवडते, वाढणाऱ्यांना जेवणाच्या आधी थोडी भाकरी आणि पेय जास्तीचं द्यायचं, म्हणजे ते कुरकुर न करता वाढतील. नियम लिहिणाऱ्याला भुकेल्या माणसाची चिडचिड माहीत होती. आपण प्रीतिभोजनाला वाढपी पोरांना उपाशी ठेवून चार वाजेपर्यंत राबवतो आणि मग ती पोरं तोंड पाडतात म्हणून बोलतो, हे बदलायला हवं, आधी त्यांना चहा आणि दोन घास खाऊ घाला.

आता हेच आपल्याकडे कसं करायचं. सणाच्या जेवणाला, हार्वेस्टला किंवा ख्रिसमसच्या प्रीतिभोजनाला, वाढायला सगळे पुढे असतात कारण वाढताना लोक दिसतात, बोलणं होतं. तुम्ही मागे नळावर जा. तिथे बहुतेक ठरलेल्या दोन-तीन मावश्या असतात ज्या दर वर्षी तेच काम करतात. त्यांना विचारा, "मावशी, मी काय करू?" आणि त्या जे सांगतील तेच करा, तुमची पद्धत सुचवू नका. आधी खरकटं एका बादलीत काढायचं, भाताचे टोप भिजत घालायचे, तेलकट कढया शेवटी घ्यायच्या, हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तुम्ही बँकेत मॅनेजर असाल, कॉलेजात शिकवत असाल, तिथे त्या शिकवणार आणि तुम्ही शिकणार. माझ्या मते अर्धी नम्रता या एका वाक्यात आहे, "कसं करायचं ते सांगा". मग शेवटची कढई पालथी घालून, झारे-पळ्या मोजून, नळाखालची जागा धुऊन मगच निघायचं, कारण अर्धवट टाकलेलं काम शेवटी त्याच मावशीच्या अंगावर पडतं.

घरातही पाळी घ्या, आणि "मदत" हा शब्द सोडून द्या. बायकोला मदत करतो म्हटलं की काम तिचं आणि उपकार तुमचा. एक काम पूर्ण तुमचं करा, उदाहरणार्थ रात्रीची भांडी किंवा बाथरूम, त्यात साबण संपलाय का, ब्रश झिजलाय का हे बघणंही आलं, कोणी आठवण करून द्यायची वाट बघायची नाही. माझ्या ओळखीतले काही जण मंडळीत फार सेवाभावी आणि घरात पाण्याचा ग्लासही उचलत नाहीत. सेवेची सुरुवात घरातल्या मोरीपासून करा, तिथे टाळ्या वाजवायला कोणी नसतं.

विचारल्याशिवाय सेवा करायची नाही

मार्क १० मध्ये बार्तिमय नावाचा आंधळा भिकारी येशूला हाका मारत सुटतो. त्याला काय पाहिजे हे कोणालाही दिसत होतं, तरी येशू विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? हा प्रश्न पाठ करा. आपण ठरवून टाकतो की यांना ब्लँकेट पाहिजे, त्यांना फळं पाहिजेत, आणि त्या घरी आधीच चार ब्लँकेट पडलेली असतात आणि गरज असते पोराच्या शाळेच्या फॉर्मवर सही-शिक्का आणून देण्याची. विचारायचं, आणि ऐकून घेतल्यावर जे मागितलं तेच द्यायचं, जमणार नसेल तर सरळ सांगायचं की हे मला जमणार नाही.

इथे पंडिता रमाबाईंची आठवण येते. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या, संस्कृतवर एवढं प्रभुत्व की मोठमोठे शास्त्री थक्क झाले. त्याच बाईने १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन भुकेल्या मुली आणि बायका शोधून आणल्या आणि केडगावला मुक्ती हा निराधार बायका-मुलींचा आश्रम उभा केला. तिथे आलेल्यांना नुसतं जेवायला घालून बसवलं नाही, शेती, विणकाम, छापखाना असली कामं शिकवली, आंधळ्या मुलींना त्यांच्या लेकीने, मनोरमाबाईंनी, ब्रेल शिकवलं. आणि पुढे रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं ते मुद्दाम साध्या मराठीत, कमी शिकलेल्या बाईलाही वाचता यावं म्हणून, आणि खिळे जुळवून ते छापलं मुक्तीतल्याच मुली-बायकांनी. एवढ्या विद्येचं ओझं बाजूला ठेवून समोरचीला कळेल असं लिहायचं, आणि जिची सेवा करतोय तिच्याच हाती काम सोपवायचं, सेवा कुठवर जायला हवी ते मला इथे दिसतं. तुम्ही संडे स्कूल शिकवत असाल, कोणाला अर्ज लिहून देत असाल, आजारी माणसाला रिपोर्ट समजावून सांगत असाल, तर तुमचं ज्ञान दाखवायला जड शब्द वापरू नका. आणि समोरचा शिकला की बाजूला व्हा, पुढचा अर्ज त्याला स्वतःला लिहू द्या.

आजाऱ्याकडे जाताना

यावर जास्त लिहितोय, कारण भेटायला तर सगळेच जातात, पण बऱ्याच वेळा भेटीचा त्रास पेशंटलाच होतो.

जायच्या आधी फोन करा, पेशंटला नाही तर घरच्यांना, कधी येऊ आणि येताना काय आणू. डायबेटीसच्या माणसाकडे केळी-चिकू घेऊन जाऊ नका. सर्दी-खोकला असेल तर जाऊच नका. गेल्यावर हात साबणाने धुवा, पलंगावर बसू नका, खुर्ची ओढून त्यांच्या नजरेच्या पातळीवर बसा, उभं राहून बोललं की झोपलेल्या माणसाला वर बघत बसावं लागतं. पंधरा-वीस मिनिटं पुष्कळ झाली. दुसऱ्या कोणाला हाच आजार होता आणि त्याचं काय झालं हे सांगू नका, देव परीक्षा बघतोय हेही सांगू नका. बायबलमधल्या संकटात सापडलेल्या ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस नुसते त्याच्याजवळ जमिनीवर बसले तोवर सगळं ठीक होतं, बोलायला लागले तिथे बिघडलं. प्रार्थना करायची असेल तर विचारा, "प्रार्थना करू का?", नको म्हणाले तर मनावर घेऊ नका, हो म्हणाले तर दोन मिनिटांची करा, त्यात उपदेश घुसडू नका.

आणि खरी गरज कोणाला असते बघा, पेशंटबरोबर राहणाऱ्याला. सरकारी हॉस्पिटलात नातेवाईक रात्र रात्र व्हरांड्यात काढतात, केसपेपरची लाइन, औषधाची लाइन, रक्त आणायला धावपळ, अंघोळ नाही, झोप नाही. त्यांना म्हणा, "मी चार तास इथे बसतो, तुम्ही घरी जाऊन अंघोळ करून झोपून या." यापेक्षा मोठी सेवा मला तरी माहीत नाही आणि यात तुम्ही काहीच करत नसता, नुसते स्टुलावर बसलेले असता, सलाईन संपत आली की सिस्टरला सांगायचं एवढंच. जाताना फोन नंबर लिहून घ्या, डॉक्टर राऊंडला आले तर काय सांगितलं ते कागदावर टिपून ठेवा. गावाकडून आलेले लोक असतील तर कुठलं काउंटर कुठे ते सोबत जाऊन दाखवा. ते आपल्या मंडळीतले नसतील, ख्रिस्ती नसतील, काही फरक पडत नाही, आणि त्या वेळी धर्माच्या पत्रिका वाटायच्या नाहीत. अडलेल्या माणसाला मदतीच्या बदल्यात काही ऐकवणं मला योग्य वाटत नाही.

अंगाची सेवा करायची वेळ येते, म्हणजे स्पंज, बेडपॅन, डायपर, तेव्हा काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. आधी परवानगी, प्रत्येक वेळी. दार किंवा पडदा बंद. शक्यतो बाईला बाईने, पुरुषाला पुरुषाने. हातमोजे घाला, त्यात अपमान काही नाही, उलट पेशंटचीही काळजी आहे. जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा ठेवा, बाकी चादरीखाली. काय करतोय ते सांगत राहा, "आजी, आता कूस वळवतो हां". नाक मुरडलेलं त्यांना दिसतं, म्हणून चेहरा सांभाळा. आणि बाहेर येऊन त्याचं वर्णन कोणालाही करू नका, घरीही नाही. माणसाची लाज झाकणं हा या सेवेचा अर्धा भाग आहे.

गोव्याचे संत जोसेफ वाझ यांच्याबद्दल आपल्या मुलांना सांगा. बाणावलीला १६५१ साली जन्म. श्रीलंकेत डचांनी कॅथलिक धर्मगुरूंना बंदी घातली होती तेव्हा हे वेष बदलून, गरीब मजुरासारखे तिथे शिरले. कँडीला पोचले तर पोर्तुगीजांचा हेर समजून कैदेत टाकलं. आणि त्याच कँडीत १६९७ साली देवीची साथ आली, लोक भीतीने आपल्या आजारी माणसांना टाकून जायला लागले, तेव्हा हे आणि त्यांचे भाचे फादर जोसेफ कार्व्हालो त्या टाकलेल्या माणसांची शुश्रूषा करत राहिले, धर्म न विचारता. ज्या गावाने बेड्या घातल्या त्याच गावाच्या जखमा धुतल्या. १४ जानेवारी २०१५ ला कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत जाहीर केलं. आपल्या मनात ज्याच्याबद्दल राग आहे त्याच्या घरी डबा पोचवायची वेळ आली तर ही गोष्ट फार उपयोगी पडते.

पाय धुण्याचा विधी करत असाल तर

पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, कॅथलिक चर्चमध्ये आणि आता बऱ्याच प्रॉटेस्टंट मंडळ्यांतही हा विधी होतो. पोप फ्रान्सिस २०१३ साली यासाठी रोममधल्या अल्पवयीन मुलांच्या तुरुंगात गेले, तिथे मुलींचे आणि मुसलमान मुलांचेही पाय धुतले, आणि २०१६ मध्ये स्त्रियांनाही या विधीत घ्यायला अधिकृत मुभा दिली. तुमच्याकडे ठरवताना मंडळीतले मानकरीच बसवू नका. चर्च झाडणारे काका, घरकाम करणाऱ्या ताई, एकट्या राहणाऱ्या आजी यांना आधी घरी जाऊन विचारा, सगळ्यांसमोर ऐनवेळी ओढू नका. पाणी कोमट हवं आणि ते स्वतःच्या हाताने बघा, कारण डायबेटीस असलेल्या काहींना पायाला चटका बसलेला कळत नाही. जखम, भेगा असतील तर चोळू नका. प्रत्येकाला वेगळा टॉवेल, बोटांच्या मधली जागा कोरडी करायची. आणि फोटोवाल्याला लांब ठेवा.

विधीला येणारे सगळे घरून पाय स्वच्छ धुऊन येतात, त्यात गैर काही नाही, पण ज्यांचे पाय खरंच मळलेले असतात ते त्या वेळी बांधकामावर, ऊसतोडीच्या फडावर, रस्त्याच्या कडेला असतात. विधी गुरुवारी झाला तर शनिवारच्या आत अशा एका तरी ठिकाणी जाऊन पाण्याचा जार, चपलांचे जोड, भेगांचं मलम, जे विचारून ठरलं असेल ते पोचवून या, नाहीतर विधी चर्चच्या दारातच संपतो.

घ्यायलाही शिका

ही पायरी लोक विसरतात आणि मला हीच सगळ्यात कठीण वाटते. येशू पाय धुवायला आला तेव्हा त्याचा शिष्य पेत्र म्हणाला, तू माझे पाय कधीच धुवायचे नाहीस. वरून ते नम्र वाटतं, पण येशूने ते मान्य केलं नाही. आणि बघा, त्याच वल्हांडण सणाच्या काही दिवस आधी बेथानीत मरीयेने येशूच्या पायांना सुगंधी तेल लावलं, केसांनी पुसलं, लोकांनी नावं ठेवली, तरी त्याने तिला करू दिलं. आधी स्वतः घेतलं आणि मग शिष्यांचे पाय धुतले. शोमरोनी बाईकडे तर त्याने पाणी मागितलं, यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत तरी, आणि विहिरीवर भांडं तिच्याकडे होतं, त्याच्याकडे नव्हतं.

आपल्या महाराष्ट्रात तर या गोष्टीला फारच अर्थ आहे, कारण कोणाच्या हातचं पाणी प्यायचं यावर इथे शेकडो वर्षं माणसं तोडली गेली. लक्ष्मीबाई टिळकांनी स्वतः लिहून ठेवलंय की त्या किती कडक सोवळ्याच्या होत्या आणि मग जाती माणसाने केल्या असं मनाला पटल्यावर कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं त्यांनी कसं ठरवलं, तेही बाप्तिस्मा घेण्याच्या आधी. आपल्या मंडळ्यांमध्ये जात संपली असं आपण म्हणतो, पण लग्नाच्या बोलणीत आणि कधी कधी जेवणाच्या पंगतीत ती दिसते. वस्तीवर सेवेला गेलात आणि तिथल्या बाईने चहा केला तर "नको, आत्ताच घेतला" म्हणून टाळू नका. बसा, घ्या, कप स्वतः धुऊन ठेवा. जिथे आपण फक्त देतो आणि कधीच घेत नाही तिथे आपण मालक झालेलो असतो.

घेण्याची सवय लावायला छोट्या गोष्टी करा. बसमध्ये कोणी जागा दिली तर हुज्जत न घालता बसा आणि थँक्यू म्हणा. आजारी पडलात तर मंडळीला कळवा, लपवू नका. पैशाची अडचण असेल तर एका विश्वासू माणसाला सांगा. कोणी चूक दाखवली तर खुलासा द्यायच्या आधी "बरं, बघतो" एवढंच म्हणा.

कोणाला ही शिकवण देऊ नये

हे स्पष्ट लिहायलाच पाहिजे. जी बाई पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत घरात राबते, वर नवऱ्याचा मार खाते, तिला "नम्र हो, सेवा कर" सांगणं हा शुभवर्तमानाचा गैरवापर आहे. ज्याला जातीवरून पिढ्यानपिढ्या वाकवलं त्याला अजून वाक म्हणणं हाही. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केलं असं आहे, रिक्त करायला आधी हातात काही असावं लागतं. ज्याच्या हातात सत्ता, पैसा, शिक्षण, मान आहे त्याने खाली उतरायचं. ज्याला दाबलंय त्याच्यासाठी नम्रता म्हणजे देवाने दिलेली किंमत खरी मानून ताठ उभं राहणं, मदत मागणं, तक्रार करणं. पाळक, फादर, वडीलधारे यांनी दुसऱ्याकडून नम्रतेची अपेक्षा करायच्या आधी स्वतःची पाळी लावून घ्यावी.

आणि थकलात तर थांबा. मार्क ६ मध्ये शिष्य कामावरून परत आले, लोकांची एवढी गर्दी की जेवायलाही फुरसत नाही, तेव्हा येशू त्यांना म्हणाला एकांतात चला आणि थोडा विसावा घ्या. माझ्याशिवाय हे काम चालणारच नाही असं वाटायला लागलं की एक आठवडा सुट्टी घ्या, काम चालतं.

फोटो, नाव आणि आभार

मत्तय ६ सगळ्यांना पाठ आहे, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, आणि तरी किट वाटपाचे फोटो सगळ्यात जास्त आपल्याच ग्रुपवर असतात. नियम सोपा ठेवा, घेणाऱ्याचा चेहरा दिसेल असा फोटो काढायचा नाही. देणगीदारांना हिशोब लागतो हे खरं आहे, तो बिलांनी आणि यादीने द्या, सामानाचा फोटो पुरतो. पैसे द्यायचे असतील तर तिसऱ्या माणसाच्या हातून पोचवा. तुमचं काम दुसऱ्याच्या नावावर लागलं तर त्या दिवशी दुरुस्त करायला जाऊ नका, मनात जे उठेल ते संध्याकाळी प्रार्थनेत जसंच्या तसं बोला. लूक १७ मध्ये दास शेतावरून आला तरी आधी मालकाला वाढतो आणि आभाराची वाट बघत नाही, तो दाखला अशा दिवशी वाचा.

रात्री झोपताना दोन-तीन मिनिटं दिवस आठवा. आज मी कोणाचं बोलणं मधेच तोडलं, कोणी माझ्यासाठी काय केलं जे माझ्या लक्षातच आलं नाही, कुठलं काम मी बघितलं आणि पुढे गेलो. उत्तर सापडलं की उद्यासाठी एकच गोष्ट ठरवा, जास्त नको. कॅथलिक असाल तर कबुलीसंस्काराच्या वेळी याच गोष्टी आठवतात. आणि आपण आता नम्र झालोय असं वाटायला लागलं तर त्यावर फार विचार करत बसू नका, उठून एखादं काम हातात घ्या.

काम सोडायचं कधी

तीन महिन्यांनी काम अंगवळणी पडतं, वर्षभराने तुम्हीच त्यातले जाणकार होता, आणि तिथे नवीन अडचण सुरू होते, "आमच्या किचनमध्ये हे असं चालत नाही" असं तोंडातून यायला लागतं, हॉलची किल्ली आपल्याच खिशात असते, नवीन पोरांना झाडू कसा धरायचा यावरून बोलणी बसतात. बऱ्याच मंडळ्यांत सेवा करणारेच पुढे सगळ्यात जास्त अडून बसतात. म्हणून पाळी आधीच ठरवून घ्या, एक वर्ष, फार तर दोन. संपायच्या आधी दोन महिने एखाद्या तरुण मुलीला किंवा मुलाला बरोबर घ्या, गॅसवाल्याचा नंबर, टोप कुठल्या कपाटात, पाण्याची मोटर कधी लावायची, उधारी कोणाकडे किती, सगळं वहीत लिहून द्या, भांडी दोघांनी मिळून मोजा आणि किल्ली द्या. मग पुढच्या प्रीतिभोजनाला नळावर जाऊन त्या नव्या पोरीलाच विचारा, मी काय करू, आणि तिने कांदे चिरायला बसवलं तर कांदे चिरा.